'बघते ताई' या उत्तराचा अर्थ

२०१७ च्या पावसाळ्यात मी नेटवर्क मार्केटिंगचे, म्हणजे स्वतः माल विकत विकत आणखी विक्रेत्या जोडत जाण्याचे काम सुरू केले, तेव्हा आपल्याला माणसांशी चांगले बोलता येते याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. ठाण्यातल्या वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या कार्यक्रमांचे सूत्रसंचालन माझ्याकडे असे, आणि बचत गटाचे हिशेब समजावून सांगण्याचे कामही बायका माझ्यावरच सोपवत. कंपनी घरगुती वापराच्या वस्तूंची होती: साबण, टूथपेस्ट, कपडे धुण्याचे लिक्विड, प्रोटीन पावडर. ज्या दादांनी मला जोडून घेतले, त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले होते की माल चांगला आहे, तो खपेलच, आपण फक्त टीमशी सकारात्मक बोलत राहायचे. ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. त्यातल्या 'सकारात्मक' या शब्दाचा अर्थ मी पुढची अडीच वर्षे चुकीचा लावत राहिले, आणि त्याची झळ माझ्यापेक्षा माझ्या टीममधल्या बायकांना जास्त बसली. हे सगळे सविस्तर लिहायला बसले आहे ते त्यासाठीच.

दोन वर्षांत माझ्या टीममध्ये १४ जणी झाल्या. त्यांपैकी पाच ठाण्यातल्या, दोघी कळव्याच्या आणि उरलेल्या सात ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या पट्ट्यातल्या होत्या, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी ठाणे-वाशी लोकलने माझी फेरी होत असे. बहुतेक जणी गृहिणी होत्या. एक शिवणकाम करीत असे, एक बालवाडीत मदतनीस होती, आणि ऐरोलीची एक मुलगी बी.कॉम. होऊन नोकरी शोधत होती. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते: यात पैसे दोन वाटांनी येतात, एक म्हणजे स्वतः विकलेल्या मालावरचा नफा आणि दुसरी म्हणजे टीमच्या एकूण खरेदीवरचे कमिशन. खरेदी पॉइंटांत मोजली जाते, महिनाअखेरीस हिशेब बंद होतो, त्याला सगळे 'क्लोजिंग' म्हणतात, आणि आमच्या कंपनीत ठरावीक पॉइंट पूर्ण झाले नाहीत तर त्या महिन्याचे कमिशन हातचे जात असे. संवादाची खरी अडचण या रचनेतच आहे. टीममधल्या बाईने माल घेतला की माझेही पॉइंट वाढतात, त्यामुळे मी तिला दिलेला सल्ला तिच्या हिताचा आहे की माझ्या, हे तिलाच काय, पुष्कळदा मलाही नीट सांगता आले नसते.

त्या काळात माझे बोलणे कसे होते ते आता जुने मेसेज वाचताना स्पष्ट दिसते. रोज सकाळी सात वाजता व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सुविचार, मग कोणीतरी कंपनीत मिळवलेल्या रँकचा, म्हणजे वरच्या पायरीचा फोटो, आणि महिन्याच्या २५ तारखेपासून रोज रात्री सगळ्यांच्या पॉइंटांचा तक्ता. ज्यांचे पॉइंट पूर्ण झाले त्यांच्या नावापुढे हिरवी खूण, ज्यांचे झाले नाहीत त्यांच्या नावापुढे रिकामी जागा. खाली मी लिहीत असे, "अजून चार दिवस आहेत, आपण सगळ्या मिळून करू शकतो." कोणी माल महाग पडतो म्हणाली, किंवा शेजारणी आता आम्हाला टाळायला लागल्या असे म्हणाली, की माझे उत्तर ठरलेले असे: "निगेटिव्ह विचार करायचा नाही हं, ताई." मला हे मनापासून खरे वाटत होते. निराशा पसरू न देणे हेच माझे काम आहे, अशी माझी समजूत होती.

आपल्याकडे बाई सहसा तोंडावर 'नाही' म्हणत नाही. ती म्हणते, "बघते ताई." किंवा म्हणते, "ह्यांना विचारून सांगते." या दोन वाक्यांमागे किती वेगवेगळे अर्थ असतात, याचा मी तोपर्यंत कधी विचारच केला नव्हता. खरोखर विचार करायचा असेल तर ती विचारते की किती लागतील, कधीपर्यंत द्यायचे, परत करता येते का. नकोच असेल तर ती काहीही विचारत नाही, आवाज थोडा मऊ होतो, आणि ती लगेच आपल्या मुलांची चौकशी करते. आमच्या प्रशिक्षणात मात्र शिकवले जाई की 'बघते' म्हणजे अर्धा होकार, तिचा पाठपुरावा सोडू नका. त्यामुळे ज्या बायका आपल्या रीतीने, माझा मान राखून मला नकार देत होत्या, त्यांना मी दर दोन दिवसांनी फोन करत राहिले.

२०१९ च्या संक्रांतीला यातला पहिला चटका बसला. घणसोलीच्या ताईंना मी सुचवले होते की हळदीकुंकवाला शेजारणी येतातच, तेव्हा तिळगूळ देऊन झाल्यावर पंधरा मिनिटांत प्लॅन, म्हणजे या कामात कसे यायचे आणि पैसे कसे मिळतात ते, दाखवून टाका, मी येते. अठरा-वीस बायका आल्या होत्या. मी बॅगेतून चार्ट काढला तेव्हा एक वयस्कर बाई उठल्या, ताईंच्या हातातले वाण घेतले आणि दारातून म्हणाल्या, "बोलावताना सांगायचं होतंस गं." बाकीच्या बसल्या, पण त्यांचे लक्ष चार्टकडे नव्हते. पुढच्या वर्षी त्या ताईंच्या घरी हळदीकुंकवाला निम्म्याही बायका आल्या नाहीत, हे मला फार नंतर कळले. त्या रात्री मात्र मी ताईंना म्हणाले होते की पहिल्यांदा असे होतेच, मन खट्टू करून घेऊ नका. त्यांना झालेला अपमान मी एका वाक्यात पुसून टाकला आणि त्याला धीर देणे असे नाव दिले.

खरी जाग आली ती त्याच वर्षी दिवाळीनंतर. कोपरखैरण्याच्या ताई टीममधल्या सर्वांत नियमित. त्यांचे यजमान वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी कामगार, घरात दोन मुले आणि सासूबाई. पॉइंटांच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे दर महिन्याला हिरवी खूण असे, आणि मी बैठकांमध्ये त्यांचे उदाहरण देत असे. नोव्हेंबरात त्यांनी फोन उचलणे बंद केले. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसत, उत्तर येत नसे. तीन आठवड्यांनी मी न कळवताच त्यांच्या घरी गेले. त्यांनी पाणी दिले, चहा ठेवला, सासूबाईंशी माझी ओळख करून दिली, आणि बराच वेळ इकडचे तिकडचे बोलत राहिल्या. मी दोनदा विचारले की काय झाले. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या उठल्या आणि त्यांनी दिवाणावरची गादी बाजूला करून फळी उचलली.

आत माल भरलेला होता. आम्ही दोघींनी तो जमिनीवर काढला आणि मी मोजला: टूथपेस्टच्या ३१ ट्यूब, कपडे धुण्याच्या लिक्विडच्या ९ बाटल्या, प्रोटीन पावडरचे ६ डबे, साबणाचे चार न फोडलेले खोके. दोन डब्यांची मुदत पुढच्याच महिन्यात संपत होती. सगळ्याची किंमत १९ हजारांच्या आसपास गेली. माझ्या तक्त्यातली हिरवी खूण चुकू नये म्हणून त्या दर महिन्याच्या २८-२९ तारखेला स्वतःच माल विकत घेत होत्या, आणि त्यासाठी त्यांनी भिशीचे पैसे वापरले होते. मी विचारले, "मला का नाही सांगितलंत?" त्या माझ्याकडे न बघता ट्यूब परत खोक्यात लावत होत्या. म्हणाल्या, "ताई, तुम्हीच म्हणायच्या ना, निगेटिव्ह बोलायचं नाही. म्हणून नाही बोलले."

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि मी ते शोधलेही नाही. त्या दिवशी आम्ही फक्त मालाचे केले. कंपनीच्या माल परत घेण्याच्या मुदतीत जेवढे बसत होते तेवढ्याचा अर्ज भरला, मुदत संपत आलेले दोन डबे बाजूला काढले, आणि उरलेल्यातला बराचसा माल मी माझ्या नेहमीच्या ग्राहकांना पुढच्या तीन महिन्यांत दिला. त्या काळात मी स्वतः कंपनीकडून नवी खरेदी केली नाही, त्यामुळे माझे कमिशन बुडाले. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. त्या पैशांचा एक भाग मुळात त्यांच्या भिशीतूनच माझ्या खात्यात आला होता.

परतीच्या गाडीत मी ठरवले की आता कोणालाही पॉइंटांविषयी विचारायचे नाही. ग्रुपवरचा तक्ता बंद केला, सुविचार बंद केले, क्लोजिंगची आठवण देणे बंद केले. ही दुसरी चूक होती, आणि ती समजायला टाळेबंदी यावी लागली. मार्च २०२० नंतर बैठका थांबल्या, माल पोहोचवणे कठीण झाले, आणि मी दोन महिने कोणाला कामाविषयी फोनच केला नाही. माझ्या मते मी त्यांच्यावरचे ओझे कमी करत होते. जूनमध्ये घणसोलीच्या ताईंचाच फोन आला. "तुम्ही हल्ली काही विचारतच नाही. त्या हळदीकुंकवापासून माझ्यावर नाराज आहात का?" त्यांच्या सोसायटीत हँडवॉश आणि लिक्विडची मागणी होती, गिऱ्हाइके स्वतःहून विचारत होती, आणि माल कसा मागवायचा हे कोणाला विचारावे ते त्यांना समजत नव्हते. मी ज्याला मोकळीक समजत होते, त्याला त्या अबोला समजल्या होत्या.

तेव्हापासून मी नव्याने शिकत गेले. शिकवणारे कोणी नव्हते. मी एक शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येकीला सहा-सात पाने दिली. पहिल्या पानावर तिने हे काम कशासाठी घेतले ते तिच्याच शब्दांत लिहिले. हे मी कधी विचारलेच नव्हते. मी सगळ्यांना मोटार, परदेशवारी, मोठी रँक यांविषयी सांगत आले होते, आणि उत्तरे आली ती अशी: मुलीच्या क्लासची फी स्वतःच्या पैशांनी भरायची आहे, घरातला साबण स्वस्तात हवा, बाकी काही नको, दुपारी बोलायला कोणी नसते म्हणून बैठकीला येते. शिवणकाम करणाऱ्या ताई म्हणाल्या, "मला महिन्याला हजार रुपये सुटले तरी पुरे, त्यापुढे मला पळवू नका." ज्या बाईला हजार रुपये हवे आहेत तिच्याशी लाखाच्या गोष्टी बोलण्यात तिचा उत्साह वाढत नाही, तिला आपण कमी पडतो असे वाटू लागते. या वहीमुळे मला कळले की १४ जणींशी बोलण्याची एकच भाषा असू शकत नाही.

प्रश्न विचारण्याची रीतही बदलावी लागली. पूर्वी मी विचारत असे, "अजून का नाही झालं?" या प्रश्नाला उत्तर म्हणून माणूस सबब देतो, कारण प्रश्नच आरोपासारखा आहे. आता विचारते, "कुठे अडलं?" मग खरी माहिती मिळते: गिऱ्हाईक उधारी मागते, डिलिव्हरी दुपारी येते तेव्हा घरी कोणी नसते, प्रोटीनचा डबा मोठा आहे आणि लहान पुडी मिळत नाही. यातल्या काही गोष्टींवर उपाय असतो, काहींवर नसतो, आणि नसतो तेव्हा मी नसतो म्हणून सांगते. पहिल्या फोनमध्ये पॉइंटांचा विषय काढत नाही. रात्री साडेआठनंतर फोन करत नाही, कारण त्या वेळी बहुतेक घरांत पोळ्या चालू असतात आणि फोनवर बोलणाऱ्या सुनेकडे घरातल्यांचे कान असतात. आणखी एक गोष्ट लहान आहे, पण तिचा परिणाम मी पाहिला आहे. टीममधल्या वयाने लहान मुलींना मी सवयीने 'तू' म्हणत असे. ऐरोलीच्या मुलीला एका बैठकीत सर्वांसमोर 'तुम्ही' म्हणून हिशेब मांडायला सांगितले, तर ती खुर्चीवर सरसावून बसली आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत बोलली. तेव्हापासून कामाच्या बोलण्यात सगळ्यांना 'तुम्ही'.

चांगले बोलणे याचा अर्थ चूक झाकणे नाही, हे मात्र कळव्याच्या ताईंमुळे कसाला लागले. त्या टीममधल्या सर्वांत जास्त विक्री करणाऱ्या. माझ्या कमिशनचा मोठा भाग त्यांच्या विक्रीतून येत असे. २०२१ च्या सुरुवातीला त्यांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर मी वाचले की आमची प्रोटीन पावडर तीन महिने घेतल्यास शुगर उतरते. चौकशी केल्यावर समजले की त्यांच्या मजल्यावरच्या काकूंनी पावडर सुरू केली असून, शुगरची गोळी बंद करावी का, असे त्या विचारत आहेत. कायद्याने हे चालत नाही. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून आहे आणि मधुमेह बरा करण्याचे दावे असलेल्या जाहिराती त्यात निषिद्ध आहेत. पण मला कायद्यापेक्षा काकूंच्या गोळीची काळजी होती. ग्रुपवर लिहिणे सोपे होते, सगळ्यांनाच एक सूचना गेली असती. मी ते टाळले, कारण कोणाविषयी आहे हे सर्वांना लगेच कळले असते आणि त्या ताई पुन्हा माझ्याशी खरे बोलल्या नसत्या.

मी कळव्याला गेले. आधी त्यांना विचारले की तुम्ही इतक्या घरांत माल कसा देता, मला शिकवा. त्यांनी सांगितले, आणि ते खरोखर शिकण्यासारखे होते: कोणत्या घरी किती माणसे, टूथपेस्ट किती दिवसांत संपते, हे सगळे त्यांच्या डोक्यात होते, आणि माल दिल्यावर तिसऱ्या दिवशी 'कसा वाटला' म्हणून त्या न चुकता फोन करीत. मी तसे त्यांना सांगितले. मग म्हणाले, "शुगरबद्दलचं ते स्टेटस आज काढायला लागेल. काकूंनी गोळी बंद केली आणि काही झालं, तर आधी त्यांच्या जिवावर बेतेल आणि मग तुमच्यावर येईल." त्यांचा चेहरा उतरला. "सगळे असंच सांगून विकतात. सेमिनारला स्टेजवर सुद्धा सांगतात. मग माझंच का चुकलं?" हे त्यांचे म्हणणे खरे होते, आणि मी ते खरे आहे असेच म्हटले. स्टेजवरचे ऐकून मीही कधी त्यावर बोट ठेवले नव्हते, हेही कबूल केले. पण स्टेटस काढायलाच हवे, यावरून मी हलले नाही.

आम्ही दोघी काकूंकडे गेलो. बोलायचे ताईंनीच, असे आमचे जिन्यातच ठरले होते, कारण गिऱ्हाईक त्यांचे होते. त्या म्हणाल्या, "काकू, हे औषध नाही, खाण्याचा पूरक पदार्थ आहे. मी चुकीचं बोलले. गोळी बंद करू नका, आणि हे घ्यायचं का तेही डॉक्टरांना विचारा." काकूंनी अर्धा वापरलेला डबा परत दिला. पैसे ताईंनी तिथल्या तिथे मोजून दिले. पुढचे दोन आठवडे त्या माझ्याशी तुटक बोलत होत्या, आणि त्या महिन्यात त्यांची विक्री बरीच घसरली, त्याबरोबर माझे कमिशनही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून फोन करून विचारले की टूथपेस्टविषयी काय काय सांगितलेले चालते, ते मला लिहून द्या. आम्ही कंपनीच्या वेष्टनावर छापलेला मजकूर समोर ठेवून प्रत्येक वस्तूसाठी चार-चार ओळी लिहिल्या. तो कागद आज टीममधल्या सगळ्यांकडे आहे आणि तो त्यांनी लिहिला आहे, असे मी प्रत्येक नव्या बाईला सांगते.

पैशांविषयीही स्वच्छ बोलावे लागते, नाहीतर मनात अढी बसते. बालवाडीतल्या ताईंची अशी समजूत झाली होती की कंपनी किंवा मी त्यांच्या कमिशनातून काहीतरी कापून घेतो. कमिशनवर तेव्हा ५ टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापला जाई, आणि ज्यांनी पॅन दिलेले नाही त्यांचा २० टक्क्यांनी. यांचे पॅन नोंदवायचे राहून गेले होते. त्या वर्षभर गप्प राहिल्या. पॅन नोंदवले, आणि कापलेले पैसे सरकारकडे जमा होतात व उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परत मागता येतात, हे कागदावर आकडे मांडून दाखवले, तेव्हा त्या नुसत्या हसल्या. तेव्हापासून प्रत्येक नव्या बाईशी पहिल्याच भेटीत मी कागद घेऊन बसते: किती माल विकला तर किती सुटतात, येण्याजाण्याचे किती जातात, हातात किती उरतात. आकडा लहान असतो. तो ऐकून काही जणी तिथेच थांबतात, आणि थांबाव्यात असेच मला वाटते.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम लागू केले. ते मी मुद्दाम मिळवून वाचले. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचे नाही. बोलण्याच्या सुरुवातीलाच आपण कोण, कोणत्या कंपनीचे, कशासाठी आलो आहोत हे खरे सांगायचे. पिरॅमिड योजना, म्हणजे नवी माणसे जोडण्यावरच पैसे देणाऱ्या योजना, चालवायच्या नाहीत. कंपनीने तक्रारीची पोच ४८ कामकाजाच्या तासांत द्यायची. नव्याने जोडल्या गेलेल्या विक्रेत्याला ठरावीक काळात दंडाविना करार सोडण्याची मुभा द्यायची. वाचताना मला घणसोलीच्या घरातल्या त्या वयस्कर बाई आठवल्या. "बोलावताना सांगायचं होतंस" हे त्यांचे वाक्य आणि नियमातली भाषा यांत अर्थाचा काहीच फरक नव्हता. पुढच्या बैठकीत मी हे नियम मराठीत सोपे करून सांगितले आणि त्या हळदीकुंकवाबद्दल ताईंची सर्वांसमोर माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, त्याचं काय एवढं," पण नंतर जाताना माझा हात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

साखळीत माझ्या वर असलेल्यांशी बोलणे अधिक अवघड होते. मला जोडून घेणाऱ्या दादांना वाटे की तक्ता नसेल तर टीम ढिली पडते. तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून आम्ही दोन संध्याकाळी यावर बोललो. मी त्यांना दिवाणातल्या मालाची गोष्ट सांगितली, त्यांनी मला त्यांच्या वरून येणाऱ्या आकड्यांच्या दबावाची. त्यांना माझे सगळे पटले नाही. एवढे ठरले की माझ्या टीमचे आकडे ते मोठ्या ग्रुपवर नावानिशी टाकणार नाहीत, मला एकटीला पाठवतील. ते त्यांनी आजवर पाळले आहे.

कौतुकाचेही मला शिकावे लागले. "खूप छान, अशीच प्रगती करा" असे लिहून कोणाला काही मिळत नाही, हे मी स्वतःला आलेल्या असल्या मेसेजांवरून ओळखायला हवे होते. आता मी काय छान झाले तेवढेच लिहिते: "काल तुम्ही गिऱ्हाइकाला लहान बाटली घ्यायला सांगितलीत, मोठी खपवली नाहीत, ते मला आवडलं." असा मेसेज महिन्यातून एकदाच जातो, पण त्याला उत्तर येते.

२०२२ मध्ये ऐरोलीच्या मुलीला तिथल्याच एका आयटी पार्कमधल्या कार्यालयात नोकरी लागली. सोडायचे हे सांगायला ती घरी आली आणि आल्यापासून रडवेली होती, कारण आधीच्या बैठकांतून सोडून जाणाऱ्यांविषयी काय बोलले जाते ते तिने ऐकले होते. मी तिला पेढा भरवला, तिचा राहिलेला माल परत पाठवायचा अर्ज आम्ही तिथेच भरला, आणि आयडी, म्हणजे कंपनीतली तिची विक्रेता म्हणून असलेली नोंद, बंद करण्याचे पत्र मी तिला स्वतः मजकूर सांगून लिहून दिले. ती आजही माझ्याकडून टूथपेस्ट घेते, आणि दर वेळी आधी छापील किंमत बघते.

आता टीममध्ये ९ जणी आहेत. कोपरखैरण्याच्या ताई त्यांत आहेत. त्या वर्षानंतर आठ महिने थांबून, फक्त स्वतःच्या आणि नणंदेच्या घरापुरता माल घ्यायचा असे आधी बोलून त्या परत आल्या. मागच्या महिन्यात २७ तारखेला मी त्यांना फोन केला. मागे कुकरची शिट्टी होत होती. मी विचारले, "काही हवंय का या महिन्यात?" त्या म्हणाल्या, "नाही ताई, या महिन्यात काही नको. पोराची फी भरलीय." मी बरे म्हटले. मग त्यांनी मला विचारले की माझ्या गुडघ्याचे दुखणे कसे आहे, आणि आम्ही दहा-बारा मिनिटे त्यावरच बोललो.